नैऋत्येचा आकडा

रेडिओ मी स्वतः जाऊन घरात आणला, हे आधीच सांगते. पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, कुणीतरी तो दाराशी ठेवून गेलं असेल. तसं काही नाही. ईस्टरनंतरचा शनिवार होता, साखर आणि यीस्ट संपलं होतं, म्हणून मी गावात गेले होते. अग्निशमन ठाण्यासमोर टेबल मांडलेलं होतं आणि ठाण्याचा प्रमुख डेल्बर्ट शेतावर राहणाऱ्या प्रत्येक घराला एकेक हवामानाचा रेडिओ वाटत होता. आमच्या ओक्लाहोमात वसंत सुरू झाला की ढगांना सोंडा फुटतात. एक सोंड जमिनीला टेकली की अख्खं घर उचलून शेजाऱ्याच्या गव्हात नेऊन टाकते. त्यामुळे भिंतीवर क्रूस हवा तसा कट्ट्यावर हा रेडिओ हवा, असं इथे सगळेच मानतात.

"नीट ऐक, बर्नडीन," डेल्बर्ट म्हणाला. "हा एरवी गप्प असतो. ज्या काउंटीचा आकडा तू यात घालशील, तिच्यावर संकट आलं तरच ओरडतो. म्हणून दोन आकडे घाल. एक आपला आणि एक नैऋत्येचा, टोलिव्हर काउंटीचा. वादळ तिकडूनच येतं. आपला आकडा वाजेपर्यंत ते अंगणात पोचलेलं असतं. टोलिव्हरचा वाजला, तर अर्धा तास हाताशी मिळतो."

त्याने दोन्ही काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, सहा आकडी नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिले. माझ्यामागे रांगेत माझी नणंद उभी होती, हिल्ड्रेड.

"लव्हॉनला चिठ्ठी लागली नसती," ती म्हणाली. "तिला सगळ्या काउंट्यांचे आकडे पाठ. झोपेत विचारलं तरी सांगायची."

"झोपेत विचारायला तू कशाला जायचीस?" डेल्बर्टने विचारलं.

रांगेतले सगळे हसले. मीही हसले, पण फक्त तोंडाने.

लव्हॉन ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मी क्लेमशी लग्न केलं तेव्हा तिला जाऊन चार वर्षं झाली होती. आजारपणात गेली बिचारी, त्यात कुणाचा दोष नव्हता. तेव्हा ते दोघं टोलिव्हरमध्ये राहायचे. ती गेल्यावर क्लेम आपल्या आईवडिलांच्या शेतावर परत आला आणि त्या घरातच मी सून म्हणून आले. म्हणजे या घरात तिने कधी चूल पेटवली नव्हती, पडदा लावला नव्हता. तिची एकच वस्तू इथे होती, तिचा जुना हवामानाचा रेडिओ. ती हवामान कार्यालयात नोकरीला होती. आता तिथे यंत्र वाचतं, पण पूर्वी माणसं वाचायची आणि आमच्या भागाचं हवामान लव्हॉन वाचायची. पंधरा वर्षं. गव्हाला दंव कधी पडणार, वारा कुठून येणार, सोंड कुठल्या रस्त्यावर आहे, ते लोक तिच्या तोंडून ऐकायचे आणि मगच कामाला लागायचे.

खरं सांगायचं तर मीही ऐकायची. लग्नाआधी, दूर उत्तरेला आईच्या घरी, वादळाच्या रात्री रेडिओ उशाशी घेऊन. मला तो आवाज आवडायचा. न घाबरलेला, थोडासा जाडसर. बोलताना ती गालात पेपरमिंटची गोळी धरायची आणि वाक्य संपलं की गोळी दातांवर आपटायची. टक्. कार्यालयात तिच्याविरुद्ध तक्रारीही गेल्या होत्या म्हणे, पण लोकांना त्या टक्शिवाय करमेना. तो टक् ऐकून मला झोप लागायची. ज्या आवाजाने मला लहान मुलासारखी झोप यायची, त्याच आवाजाचा मी पुढे इतका हेवा करणार आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

क्लेम रोज सकाळी कॉफी घेऊन त्या जुन्या रेडिओपाशी बसायचा. आत यंत्र बोलायचं, नाकातल्या नाकात, नावं चुकवत. तरी हा डोळे मिटून ऐकायचा.

"त्या यंत्रात एवढं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. सवय." त्याने डोळे उघडले. "मधेच ते थांबतं ना, तेव्हा वाटतं, आता ती बोलेल."

इतक्या सरळपणे सांगितलं त्याने. माणूस खोटं बोलणारा असता तर भांडता तरी आलं असतं.

मी वाईट बाई नाही. त्या वसंतात मी संत जोसेफचं नऊ बुधवारांचं व्रत धरलं होतं. बुधवार त्याचा वार, आणि तो घरादाराचा राखणदार. दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, दुपारी जपमाळ, दिवस मावळल्यावर एक वाटी सूप. मागणं एकच होतं. पहिल्या बुधवारी मेणबत्ती लावून मी म्हणाले, या घरात एकाच बाईचा आवाज राहू दे.

त्याच आठवड्यात मी नवा रेडिओ बसवला. ते काम मला जमेल असं क्लेमला वाटत नव्हतं, म्हणून मुद्दाम मीच केलं. खिडकीजवळचा कट्टा पुसला, तार ओढून काचेला चिकटवली, वीज गेली तर चालावा म्हणून पाठीत तीन बॅटऱ्या घातल्या. मग बटण दाबून धरलं. पडद्यावर सहा शून्यं लुकलुकू लागली. चिठ्ठी बघत एकेक आकडा वर नेला. आमची काउंटी बसली, आणि रेडिओने लहानसा आवाज करून हिरवा दिवा लावला. मग त्याने विचारलं, दुसरी?

बोट बटणावर होतं. मी विचार केला, टोलिव्हर म्हणजे तिचं घर आणि तिची कबर. दर वेळी तिकडे ढग जमले की माझ्या स्वयंपाकघरात तिच्या गावाचं नाव घेतलं जाणार, आणि क्लेम डोळे मिटणार. मी चिठ्ठीची घडी घातली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिली.

संध्याकाळी क्लेमने विचारलं, "दोन्ही आकडे घातलेस ना?"

"घातले," मी म्हणाले.

लग्नानंतरचं ते माझं पहिलं खोटं. सूपमध्ये मीठ जास्त पडलं, तर तेवढंच तो म्हणाला.

जुन्या रेडिओच्या बॅटऱ्या मी काढून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवल्या, आणि रेडिओ अंगणातल्या वादळघरात नेऊन बटाट्यांच्या पोत्यामागे ठेवला. आमचं वादळघर म्हणजे जमिनीत खणलेली खोली, वर तिरपं लोखंडी दार, आत सात पायऱ्या, दोन बाकं. तिथे वीज नाही. क्लेमने रिकामी फळी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि कॉफी घेऊन व्हरांड्यात गेला. पण त्या दिवसापासून त्याला बटाटे आणायला फार वेळ लागू लागला.

आता बुधवारचं सांगते. दर बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला रेडिओची चाचणी होते. आधी कोंबडीच्या खुराड्यात साप शिरावा तशी कर्कश किरकिर, मग यंत्राचा आवाज, ही केवळ चाचणी आहे, पुढील काउंट्यांसाठी. माझी जपमाळ नेमकी तेव्हाच चालू असायची. मला बरंच वाटायचं. हवामानाचं खातं आणि संत जोसेफ, दोघांनी मिळून घराकडे लक्ष ठेवल्यासारखं.

चौथ्या बुधवारी चाचणी झाली. यंत्राने नावं वाचली आणि ते थांबलं. एरवी त्यानंतर खट्कन बंद होतं. त्या दिवशी झालं नाही. नुसती हवा वाहावी तसा आवाज येत राहिला. बाहेर वारा पडलेला होता, कपडे दोरीवर सरळ लोंबत होते. आणि मग त्या हवेतून कुणीतरी म्हणालं,

"...टोलिव्हर."

मग टक्.

मणी माझ्या बोटांत तसाच राहिला. हिरवा दिवा लागला होता. मी बटण दाबून आतली यादी पाहिली. एकच आकडा होता, आमचा.

मी फादर ऑस्वाल्डकडे गेले. फादर चर्चमागच्या वाफ्यात कांद्याची रोपं लावत होते.

"फादर, मेलेल्या माणसाचा हेवा करणं पाप आहे का?"

"पाप आहेच, आणि शिवाय गैरसोयीचं," ते म्हणाले. "जिवंत बाई असती तर भांडून मोकळी झाली असतीस. लव्हॉन का?"

मी मान हलवली.

"तिच्यासाठी प्रार्थना कर. नाव घेऊन."

"प्रयत्न केला. घशात अडकतं."

"मग अडकू दे. रोज थोडं पुढे सरकेल." त्यांनी मातीने भरलेलं बोट माझ्याकडे केलं. "आणि बर्नडीन, सगळं सांगितलंस का?"

"सगळं सांगितलं," मी म्हणाले. चिठ्ठीचं मी त्यांना सांगितलं नाही. ते पाप आहे असं मला वाटतच नव्हतं. ती घरकामातली गोष्ट होती.

पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या बुधवारी काही झालं नाही. यंत्र बोललं, थांबलं, खट्. मी मनाशी म्हणाले, व्रत लागू पडलं.

मे महिन्यातला शेवटचा सोमवार आमच्याकडे कबरींवर फुलं वाहण्याचा दिवस. क्लेम दर वर्षी टोलिव्हरला जायचा, चाळीस मैल. मी एकदाही गेले नव्हते. त्या सकाळी त्याने माझ्या पिओनीच्या झुडपावरची फुलं कापली. मी बादलीत पाणी घालून दिलं आणि पूर्ण उमललेली तीन फुलं हळूच काढून मरियेच्या मूर्तीपुढे ठेवली. तिच्यासाठी उरली ती अर्धवट मिटलेली.

"येतेस का?" त्याने विचारलं. दर वर्षी विचारायचा.

"पाय टाकायचाय चुलीत," मी म्हणाले. पाय म्हणजे डुकराचा, रात्री हिल्ड्रेड आणि तिचा नवरा जेवायला येणार होते.

"चारपर्यंत येतो." ट्रकमध्ये बसता बसता त्याने आभाळाकडे पाहिलं. "रेडिओकडे लक्ष ठेव. ट्रकमधला सुगीपासून मुका आहे, माहीत आहे ना. काही वाजलं तर मला फोन कर."

"करीन."

दुपारी हवा घट्ट झाली. दक्षिणेकडून ओलसर वारा येत होता, भिजवलेलं फडकं तोंडावर धरावं तसा. मी बटाटे उकडून सोलत होते. रेडिओ गप्प होता. त्याचा तो हिरवा दिवा बघून मला, देवा क्षमा कर, समाधान वाटत होतं. माझ्या घरात माझ्या भांड्यांचेच आवाज होते.

सव्वातीन वाजून गेल्यावर फोन वाजला.

"निघतोय आता," क्लेम म्हणाला. "इथे पश्चिमेला काळं झालंय, पण पाऊस आहे की काय ते कळत नाही. आपला रेडिओ काही बोलला का टोलिव्हरचं?"

मी हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही. ये तू."

हे खोटं नव्हतं. रेडिओ खरंच काही बोलला नव्हता. मी फोन ठेवला आणि बटाटा हातात घेतला, आणि मग ज्याला मी आठ आठवडे घरकामातली गोष्ट म्हणत आले होते, ती एकदम समोर उभी राहिली. रेडिओ टोलिव्हरचं कसं बोलणार... मीच त्याचे कान बांधले होते.

आणि तेवढ्यात वारा थांबला. कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरल्या. नैऋत्येचं आभाळ मुक्या माराच्या जुन्या डागासारखं हिरवट पिवळं झालं होतं. त्या शांततेत मला अंगणातून कुणीतरी बोलताना ऐकू आलं. हळू, सावकाश, एका लयीत. जमिनीखालून.

मी वादळघराचं दार उचललं. लोखंड उन्हाने तापलेलं, पण आतून जी हवा वर आली ती गार होती आणि तिला पेपरमिंटचा वास होता. माझ्या तळघरात बटाटे, लोणच्याच्या बरण्या आणि रॉकेल असतं. तिथे पेपरमिंट कधी नव्हतं.

सात पायऱ्या उतरले. रेडिओ पोत्यामागे नव्हता. क्लेम बसतो त्या बाकावर ठेवलेला होता, बायकांनी झगा सावरून बसावं तसा भिंतीला टेकून. मी त्याची पाठ उघडली. बॅटऱ्यांची जागा रिकामी होती. रिकाम्या जागेत बोट घालून मी ऐकत राहिले.

"...टोलिव्हर काउंटी," ती सांगत होती. "सोंड पावसाच्या आड आहे, डोळ्यांना दिसणार नाही. ईशान्येकडे सरकते आहे. धान्याच्या जुन्या कोठाराच्या फाट्याजवळ पावणेचारला रस्ता ओलांडेल." टक्. "कबरस्तानाकडून निघालेल्यांनी पुढे जाऊ नये. मागे फिरावं. माझ्याकडे..." आवाज जरा थांबला. "...मागे फिरावं."

तुम्हाला वाटेल, मी लगेच वर धावले. नाही. मी तिथे उभी राहिले. किती वेळ, ते आजही मला सांगता येत नाही. मला वाटलं, ठेवून घेतेय. त्याला कबरीपाशीच ठेवून घ्यायचंय तिला. माझ्याकडे, असं म्हणाली ती, मी माझ्या कानांनी ऐकलं. मी फोन करावा आणि माझ्याच तोंडाने त्याला तिच्याकडे परत पाठवावं, हेच तिला हवंय. सोंड आहेच कशावरून? नसलीच तर... आणि असली तर?

पंधरा वर्षं ती लोकांना सांगत आली होती, आणि एकदाही खोटं बोलली नव्हती. खोटं त्या घरात एकटी मी बोलले होते.

मी वर आले. घड्याळात तीन अडतीस. मोबाइल क्लेम नेहमी गाडीच्या खणात टाकतो आणि त्यावर नकाशे रचतो. पहिल्यांदा नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदाही. मी संत जोसेफला काही म्हणाले नाही. मी म्हणाले, लव्हॉन, त्याला उचलायला लाव. तिचं नाव तेव्हा पहिल्यांदा घशातून सुटलं.

तिसऱ्यांदा त्याने घेतला. पावसाचा आवाज इतका होता की तो ओरडत होता.

"क्लेम, परत फिर," मी म्हणाले. "मी दुसरा आकडा घातला नव्हता. मी खोटं बोलले. परत फिर. तिच्याकडे परत जा..."

त्यापुढे मला एवढंच आठवतं की मी रडत होते आणि फोन तुटला. आणि मग आमचा नवा रेडिओ, आज्ञाधारक, एवढा वेळ गप्प बसलेला, लाल दिवा लावून किंचाळू लागला. आता आमची काउंटी होती.

मी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी फादरनी आशीर्वाद दिलेली झावळी आणि काड्यापेटी घेतली आणि खाली गेले. दार ओढून कडी घातली. झावळीचं टोक पेटवलं, आमच्या आया-आज्या वादळात पेटवत आल्या तसं. त्या एवढ्याशा उजेडात बाकावर आम्ही दोघी होतो, मी आणि तो रेडिओ. तो आता गप्प होता. वर मालगाडी जावी तसं काहीतरी गेलं, दार कडीत थरथरलं, कान दुखून आले. झावळी विझली. अंधारात माझ्या शेजारी कुणीतरी, अगदी जवळ, गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला केली.

मी सरकले नाही. सरकायला जागाच नव्हती.

बाहेर आले तेव्हा घर जागेवर होतं. कोठीचं छप्पर गेलं होतं आणि पिओनीचं झुडूप मुळासकट. साडेसहाला क्लेमचा ट्रक फाटकाशी आला. मी अंगणातच उभी होते. तो उतरला आणि त्याने माझे दोन्ही खांदे धरले.

"कोठार गेलं," तो म्हणाला. "फाट्यावर काहीच उरलं नाही, रस्त्याचं डांबरसुद्धा सोलून नेलंय. मी तिथून एका मैलावर होतो, बर्नी."

"मी खोटं बोलले होते," मी म्हणाले.

"सांगितलंस तू. फोनवर."

"रागावला नाहीस?"

"उद्या रागावतो." त्याने डोळे पुसले. "जेवायला काय आहे?"

चुलीतला पाय करपला होता. हिल्ड्रेड आली, तिने वरचा काळा थर काढून चांगला भाग ताटात वाढला आणि म्हणाली, "लव्हॉनचाही असाच करपायचा." मला हसू आलं. खरं हसू. वाटलं, सुटलं सगळं. त्या दिवशी निजताना मी तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली, आणि ते कुठे अडकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकातली चिठ्ठी काढून टोलिव्हरचा आकडा रेडिओत घातला. क्लेम कॉफी घेऊन माझ्यामागे उभा होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मागचं दार उघडं आहे, हे तुला कसं कळलं?"

"कुठलं मागचं दार?"

"कबरस्तानाच्या चर्चचं. तू फोनवर सांगितलंस ना. आधी रडत होतीस, काही कळत नव्हतं. मग एकदम शांत झालीस. म्हणालीस, फाट्याआधी उजवीकडे मातीचा रस्ता आहे, त्याने दक्षिणेला जा, चर्चला वळसा घाल, तळघराचं मागचं दार फुगलंय, कुलूप लागत नाही, खांद्याने ढकल. मी ढकललं. उघडलं." तो कपाकडे बघत होता. "तू तर तिथे कधी आली नाहीस."

माझ्या हातून बटण सुटलं. तो सांगतो त्यातलं एक अक्षरही मी बोलले नव्हते.

"आणि फोनवर तू काय चघळत होतीस?" त्याने विचारलं.

नववा बुधवार उजाडला. मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. बाराला रेडिओ किरकिरला, यंत्राने आमची काउंटी वाचली, टोलिव्हर वाचली, खट्कन बंद झालं. काही थांबणं नाही, काही हवा नाही. खोकं आता नुसतं खोकं होतं. मला फार हलकं वाटलं. मी मेणबत्ती लावली, माळ हातात घेतली, आणि व्रताची शेवटची प्रार्थना मोठ्याने म्हटली, कारण शेवटची मोठ्याने म्हणायची असते. शेवटी म्हटलं, तसंच होवो.

टक्.

मी जिभेने तोंडात सगळीकडे शोधलं. काही नव्हतं. नुसती चव होती, गार.

दारात क्लेम उभा होता. हातातला बटाट्यांचा डबा त्याने हळूच खाली ठेवला. त्या दिवसापासून तो वादळघरात बसायला जात नाही. सकाळी माझ्यासमोर बसतो आणि म्हणतो, काहीतरी बोल ना, बर्नी. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. मी हवापाण्याचं बोलते, कोंबड्यांचं बोलते, जमेल तेवढी वाक्यं लांबवते, कारण वाक्य संपायला नको असतं. तो डोळे मिटून ऐकतो.

देवाने माझं मागणं मानलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या घरात आता एकाच बाईचा आवाज आहे. कुणाचा, ते मी मेणबत्तीपुढे सांगायला विसरले होते.